जिन्यावरचं गेट: आधी भिंत आणि रेलिंग बघा, मग गेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रो-हाऊस आहे, बाळ आठ महिन्यांचं, नुकतंच रांगायला लागलंय. झोपायच्या खोल्या वर, हॉल आणि स्वयंपाकघर खाली. जिना साडेतीन फूट रुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला स्टीलच्या गोल पाइपचं रेलिंग. भिंतीला भोकं पाडायची इच्छा नाही, म्हणून ऑनलाइन मिळणारं, ड्रिल न करता ताणून बसवायचं गेट वर आणि खाली दोन्हीकडे लावलं तर चालेल का? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनाही ते उघडता यायला हवं.

वर चालणार नाही. खाली चालेल, पण तुमच्या घरात मी तिथेही लावणार नाही, आणि त्याचं कारण सासूबाईच आहेत.

मी घरगुती फर्निचर आणि फॅब्रिकेशनची कामं करतो. बाळासाठी गेट बसवून द्या म्हणून लोक बोलावतात तेव्हा खोकं बहुतेक वेळा आधीच घरात येऊन पडलेलं असतं. मग टेप काढली की कळतं, गेट कमी रुंदीचं आहे, किंवा जिथे टेकवायचं तिथे टेकायला सपाट जागाच नाही. म्हणून कुठलं गेट घेऊ याचं उत्तर दुकानात किंवा मोबाइलवर शोधण्याआधी जिन्यापाशी उभं राहून शोधावं लागतं. कशाला बांधणार आणि कोण वापरणार, एवढं ठरलं की कंपनी कुठली हा प्रश्न फार किरकोळ उरतो.

आधी ताणून बसणारं गेट काय असतं ते बघू. त्याच्या चारही कोपऱ्यांना फिरवायचे स्क्रू आणि पुढे रबराच्या चकत्या असतात. स्क्रू फिरवला की चकती भिंतीवर दाबली जाते आणि सगळं गेट केवळ त्या दाबावर, घर्षणावर उभं राहतं. दाब टिकावा म्हणून चौकट खालून जोडलेली असते, म्हणजे जमिनीलगत एक आडवी पट्टी राहतेच. दार उघडलं तरी ती पट्टी पायात असते. बंद करताना दर वेळी दार आपटतं आणि प्रत्येक आपटण्याबरोबर स्क्रू किंचित सैल होतो. दोन खोल्यांमधल्या सपाट दारात यानं काही बिघडत नाही. गेट निसटलं तर बाळ गेटासकट पलीकडच्या खोलीत बसकण मारेल. जिन्याच्या वरच्या तोंडाला तेच गेट निसटलं, तर ते बाळासकट खाली जाईल. पट्टीला अडखळून पडणारा मोठा माणूसही तसाच खाली जाईल, आणि त्याच्या कडेवर बहुतेक वेळा बाळच असेल. म्हणून जिन्याच्या वर फक्त स्क्रूनं पक्कं केलेलं, उघडल्यावर पायात काहीही न उरणारं गेट. यात मी तडजोड करत नाही, गिऱ्हाईक कितीही नाराज होवो.

ताणायच्या गेटासोबत खोक्यात चार छोट्या प्लॅस्टिकच्या वाट्या येतात. त्या भिंतीला स्क्रूनं किंवा चिकटपट्टीनं लावायच्या आणि रबराच्या चकत्या त्यांच्यात बसवायच्या. बहुतेक घरांत त्या खोक्यातच राहतात. अमेरिकेत 2021 पासून अशा गेटांसाठी एएसटीएम एफ 1004 हे मानक कायद्यानं सक्तीचं झालं. त्यात गेटला पाच ठिकाणी 30 पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलोचा जोर लावून ते जागचं सुटत नाही ना हे तपासतात. कित्येक गेटं ही परीक्षा पास होतात ती वाट्या लावलेल्या असल्यामुळेच. तेव्हा खोलीच्या दारात लावणार असलात तरी वाट्या लावाच. युरोपचं मानक ईएन 1930, ते 24 महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. ऑनलाइन वर्णनात ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ वगैरे लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही. यांपैकी एखाद्या मानकाचा क्रमांक खोक्यावर छापलेला आहे का, ते बघा.

आता तुमचं रेलिंग. गोल पाइपवर सपाट रबरी चकती ताणून बसवली तर ती एका रेघेवर टेकते आणि गेट हललं की घरंगळते. यासाठी इंग्रजी वाय आकाराचे वेगळे स्क्रू मिळतात, ते पाइपला कवेत घेतात. खोलीच्या पातळीवर ते ठीक आहेत. जिन्यावर नाही.

स्टीलच्या पाइपला ड्रिल मारू देऊ नका. घरगुती रेलिंगचा पत्रा पातळ असतो, त्यात स्क्रू धरत नाही आणि भोकाच्या कडेला पुढे गंज धरतो. मी असं करतो: रेलिंगच्या वरच्या टोकाला जो पहिला उभा खांब असतो, त्याला लागून लाकडाचा तीन बाय दोन इंची उभा दांडा जमिनीवर टेकवून लावायचा. ज्या बाजूला पाइप येतो तिथे दांड्याला उभी गोल खाच पाडायची, म्हणजे पाइप त्यात बसतो आणि दांडा फिरत नाही. मग किमान दोन ठिकाणी, एक खाली आणि एक वर, यू-बोल्टनं आवळायचं. मधे रबराची पट्टी घातली की स्टीलवर ओरखडा येत नाही. नट बाळाच्या बाजूला येऊ द्यायचे नाहीत, आणि बाहेरच्या बाजूलाही टोपीचे नट लावायचे. गेट त्या दांड्याला स्क्रू होतं. बाळ मोठं झालं की बोल्ट सोडा, दांडा काढा, रेलिंग होतं तसं. भोकं पडतील ही तुमची काळजी या बाजूला तरी संपली.

काचेचं रेलिंग असेल तर गोष्ट वेगळी. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. तिच्यावर गेट ताणणं तर मूर्खपणाच. तिथे जमिनीत पक्का केलेला स्वतंत्र खांब उभा करावा लागतो, ग्रॅनाइटला ड्रिल मारून, आणि हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यायचं.

भिंतीची बाजू लोक सोपी समजतात आणि तीच सगळ्यात जास्त दगा देते. भिंत कशाची आहे ते आधी माहीत हवं. जुनी विटांची, सिमेंटच्या गिलाव्याची असेल तर उत्तम. आठ मिलिमीटरचं भोक, चांगली नायलॉनची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरून ठेवणारी नळी), लांब स्क्रू, काम फत्ते. काँक्रीटची भिंत असेल तर ड्रिलवाल्याला घाम फुटेल, पण एकदा बसलं की हलणार नाही. अडचण येते ती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतींना, ज्याला साइटवर सिपोरेक्स म्हणतात, आणि वरून जिप्समचा थर असलेल्या भिंतींना. ब्लॉक भुसभुशीत असतो. हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं की आठचं भोक दहाचं होतं आणि गिट्टी हातानं बाहेर येते. तिथे हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं, बिट एक माप लहान घ्यायचं आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी गिट्टी वापरायची. आणि तरीही गेटची बिजागरी थेट भिंतीत नाही. आधी तीन इंच रुंद, गेटाहून थोडी उंच अशी सागवानाची किंवा जाड प्लायची पट्टी चार-पाच ठिकाणी भिंतीला पक्की करायची आणि बिजागऱ्या त्या पट्टीला मारायच्या. झटक्याचा भार दोन भोकांवर न येता पूर्ण पट्टीवर पसरतो. मी तर विटांच्या भिंतीवरही ही पट्टी लावतो, कारण तिच्यामुळे दुसरी एक कटकटही मिटते: स्कर्टिंग. आपल्याकडे चार इंची स्कर्टिंग भिंतीच्या पुढे अर्धा इंच आलेलं असतं. गेटचा खालचा टेकू स्कर्टिंगवर आणि वरचा भिंतीवर, मग गेट ओळंब्यात उभं राहणार कसं? पट्टीला खाली तेवढी खाच मारली की प्रश्न संपला.

जिन्याच्या वरच्या टोकाला लाइटचं टू-वे बटण हमखास असतं. त्याची वायर भिंतीतून सरळ वर किंवा खाली जाते. बटणाच्या उभ्या रेषेत ड्रिल मारायचं नाही. पलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या पाइपांचाही अंदाज घ्या. बिल्डरनं नकाशा दिला असेल तर काढा, कपाटात ठेवून काय उपयोग?

मग रुंदी. परदेशी मापाच्या बऱ्याच गेटांची मूळ रुंदी 75 ते 85 सेंटिमीटरच्या आसपास असते. आपला साडेतीन फुटी जिना म्हणजे जवळपास 107 सेंटिमीटर. दुकानदार म्हणतो, जोडपट्ट्या लावा. त्या लागतात, पण जितक्या जास्त लावाल तितकं ताणायचं गेट मधे लवतं, आणि उघडणारं दार मात्र तेवढंच अरुंद राहतं. कपड्यांची बादली किंवा बाळ घेऊन त्यातून आडवं व्हावं लागतं. माप तीन ठिकाणी घ्या: जमिनीपाशी, स्कर्टिंगच्या वर, आणि गेटाच्या उंचीवर. तिन्ही आकडे वेगळे आले तर घाबरू नका, भिंती अशाच असतात.

उंचीसाठी वापरात असलेला ठोकताळा असा की गेट मुलाच्या उंचीच्या तीन चतुर्थांशाहून कमी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची साधारण 87 सेंटिमीटर आहे, तीन वर्षांच्या मुलाची 96. म्हणजे 75 सेंटिमीटरचं गेट तुम्हाला पुरेसा काळ पुरेल. गजांमधली फट सव्वादोन इंचांच्या आत ठेवा, खालची फट दोन इंचांच्या आत. फटीचं कारण लक्षात घ्या. बाळ पाय आधी घालतं, अंग निसटतं आणि डोकं अडकतं. म्हणून डोकं जाणार नाही एवढी फट असून भागत नाही, अंगच जाता कामा नये.

तुमच्या रेलिंगचंही तेच. गेट भक्कम आणि शेजारच्या रेलिंगला सहा-सहा इंचांच्या फटी, हे मी अनेक घरांत पाहतो. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या घरबांधणीच्या नियमांत कठड्याच्या फटीतून साधारण 100 मिलिमीटरचा गोळा जाता कामा नये असं आहे. आपल्या रो-हाऊसच्या रेलिंगला बहुधा हातपट्टीखाली तीन-चार बारीक आडवे पाइप असतात. दिसायला छान, पण बाळाला ती शिडी आहे. वरच्या पॅसेजच्या कडेला असं रेलिंग असेल तर आतल्या बाजूनं चार-पाच मिलिमीटरची पारदर्शक अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची शीट केबल टायनं घट्ट बांधून घ्या, टायची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला. कबुतरांची जाळी लावणारे जाळी सुचवतील. ताणून लावली तर काही नसण्यापेक्षा बरी, पण जाळीच्या चौकोनात चिमुकला पाय छान रुततो आणि मूल वर चढतं. हा खर्च गेटाइतकाच होईल. करा.

तयार गेट घ्यायचं की बनवून घ्यायचं? साडेतीन फुटांना माझं मत बनवून घ्या असं आहे. फॅब्रिकेटरला सांगायचं ते एवढं: एक इंची चौकोनी पाइपची चौकट, आत फक्त उभे गज, मधे एकही आडवा नको. वर भाले नकोत. हे वेगळं सांगावंच लागतं, कारण गेट म्हटलं की हात आपोआप भाल्यांकडे जातो. वेल्डिंगचे सगळे फुगवटे ग्राइंडरनं सपाट, कोपरे गोल. आणि रंग. या वयाचं मूल गेटची वरची पट्टी चावतंच. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, वर्कशॉपमधल्या जुन्या उघड्या डब्याला कोण विचारतं? त्यामुळे पावडर कोटिंग करून घ्या, नाहीतर घरगुती वापराचा नवा डबा स्वतः आणून द्या.

एक गोष्ट मात्र बनवून घेऊ नका: चॅनल गेट. बंगल्यांच्या जिन्याला रात्री ओढून घ्यायचं, घडी होणारं लोखंडी गेट. ‘ते आहेच की, तेच बंद ठेवतो’ असं बरेच आजोबा म्हणतात. चोरासाठी ते ठीक आहे. बाळासाठी त्याचा प्रत्येक कैचीचा सांधा म्हणजे बोट चिरडायची जागा, आणि त्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या फटी चढायलाही सोयीच्या. अमेरिकेत लाकडी अॅकॉर्डियनसारखी घडीची गेटं याच आकारामुळे बदनाम झाली. वरच्या कडेच्या व्ही आकाराच्या खोबणीत मुलांच्या माना अडकल्या. 1985 पूर्वीची तसली गेटं वापरू नका असं तिकडे आजही सांगतात.

गुंडाळून भिंतीत जाणाऱ्या जाळीच्या गेटाबद्दल हल्ली फार विचारणा होते. पायात पट्टी नाही, दिसतंही सुंदर. पण ते लावायला दोन्ही हात लागतात, बाळ अंग टाकून रेललं की जाळी फुगते आणि खालची कड उचलली जाते. खोलीच्या तोंडाशी लावा. जिन्याच्या वर मी लावून देत नाही.

दार कुठल्या बाजूला उघडावं? वरच्या गेटाचं दार नेहमी पॅसेजच्या बाजूला, जिन्याकडे कधीच नाही. फॅब्रिकेटरकडून पक्का अडसर वेल्ड करून घ्या म्हणजे ते तिकडे फिरणारच नाही. रो-हाऊसमध्ये वरचा पॅसेज तीन बाय तीनचा असतो, तिथे बेडरूमचं दार आणि गेट एकमेकांवर आदळतात. पुठ्ठ्याचा तुकडा कापून फिरवून बघा. जागा असेल तर गेट पहिल्या पायरीच्या अगदी काठावर न घेता थोडं आत घ्या, म्हणजे गेट उघडणाऱ्या माणसाला दोन पाय ठेवायला जागा राहते.

आणि आता सासूबाई. तयार गेटांचा खटका दाबून, मग उचलून उघडायचा असतो. मुलाला जमू नये म्हणूनच तो तसा केलेला आहे. साठीपुढच्या दुखऱ्या बोटांनाही तो जमत नाही. मग दोन गोष्टी होतात. एक तर गेट दिवसभर उघडंच राहतं, किंवा आजी साडी सावरत गेट ओलांडतात. दुसरं तर बघवत नाही. म्हणून गेट घेण्याआधी दुकानात किंवा नातेवाइकांकडे तसा खटका त्यांच्या हातानं एकदा उघडून बघायला सांगा, एका हातात पाण्याचा तांब्या देऊन. नाही जमलं तर बनवून घेतलेल्या गेटाला बाहेरच्या, म्हणजे जिन्याच्या बाजूला, वरच्या पट्टीच्या जरा खाली स्प्रिंगची कडी लावा. मोठ्या माणसाचा हात वरून सहज पोचतो, बाळाचा पोचत नाही. दार आपोआप मिटावं म्हणून स्प्रिंगची बिजागरी, पण हलकी. जड स्प्रिंग टाचेवर आपटते. कुलूप नको. घाईत किल्ली सापडत नाही.

घरात काम करायला मावशी येत असतील तर त्यांनाही पहिल्याच दिवशी दाखवा. फडका-बादली घेऊन दिवसातून सगळ्यात जास्त वेळा जिना त्याच चढतात. गणपतीत किंवा बारशाला पाहुणे आले की गेट उघडं राहणारच हे धरून चाला. तेवढे दिवस एका माणसाकडे जिन्याचं काम द्या.

भाड्याचं घर असलेल्यांसाठी मी नेहमी वेगळाच मार्ग सुचवतो: जिना अडवू नका, खोली अडवा. बेडरूमच्या दाराला लाकडी चौकट असते, रुंदी तीन फुटांच्या आत, दोन्ही बाजू सपाट आणि मजबूत. तिथे ताणायचं गेट वाट्या लावून झकास बसतं, मालकही काही बोलत नाही. कोकणातल्या आणि जुन्या गावाकडच्या घरांत दाराच्या चौकटीत आडवी फळी सरकवून पोरं आत ठेवायचे, त्यातलीच ही युक्ती. फक्त ते दार जिन्याच्या तोंडालाच उघडत असेल तर नको.

वॉकरबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. घरात जिना असताना चाकांचा वॉकर आणू नका, कुणी भेट दिला तरी. त्यात बसलेलं मूल जो वेग घेतं तो गेटवर जाऊन आदळतो. कॅनडानं 2004 मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली.

गेट कधी काढायचं? साधारण दोन वर्षांनंतर, पण खरी खूण वय नाही. मुलानं कडी उघडली किंवा पाय वर टाकला की त्याच दिवशी काढा. त्यानंतर गेट म्हणजे फक्त जास्त उंचीवरून पडायची सोय. त्याआधीच उतरायला शिकवायला लागा. मुलं चढायला आधी शिकतात, उतरायला उशिरा. पोटावर पालथं, पाय आधी, खालच्या दोन-तीन पायऱ्यांवरून, तुम्ही खाली उभं राहून. गेटाजवळ स्टूल, उशा, खेळण्यांची टोपली ठेवू नका.

नात्यातल्या कुणाचं वापरलेलं गेट येत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण चारही स्क्रू, चकत्या, वाट्या आणि जोडपट्ट्या आहेत का ते मोजून घ्या. एक चकती कमी असलेलं गेट फुकट मिळालं तरी महाग आहे.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात वरचं गेट आणि पॅसेजच्या रेलिंगची शीट. खालचं गेट पंधरा दिवसांत, तेही स्क्रूचंच, म्हणजे सासूबाईंच्या पायात पट्टी येणार नाही. तोपर्यंत बाळ खाली असताना कुणीतरी त्याच्यापाशी हवं. सोफा आडवा लावून जिना अडवू नका, त्यावर चढायला त्याला फार दिवस लागणार नाहीत. बसवून झाल्यावर दोन्ही हातांनी गेटला जोरात झटके द्या, वरच्या पट्टीवर भार टाका. भिंतीवरची लाकडी पट्टी केसभरही सुटताना दिसली तर मिस्त्रीला पैसे देण्याआधी पुन्हा करायला लावा. पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी स्क्रू आणि यू-बोल्टचे नट हातानं तपासत जा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि हिवाळ्यात सुकून आवळतं, तेव्हा नट थोडे सैल झालेले मिळतील. पाना जिन्याजवळच्या खणात ठेवा.